पुसलेला सर्व्हर आणि न केलेली अटक

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. लोक मला खुनाचे, दरोड्याचे किस्से विचारतात. मी मात्र हा सांगतो. यात रक्त नाही, चोरीचा माल नाही. एक सर्व्हर पुसला गेला होता, आणि एका निर्दोष मुलीला गजाआड टाकायची सगळी तयारी झाली होती.

तेव्हा मी आदिलाबादला इन्स्पेक्टर होतो. कापसाचा हंगाम. सकाळची हजेरी संपते न संपते तोच कापसातली सरकी काढणारे जिनिंग मिलवाले ठाण्यात शिरले. "सायेब, एकही काटा चालू होऊन नाही राह्यला! गाड्या सडकेपर्यंत लागल्या!" त्यांच्या वजनकाट्यांचे कॉम्प्युटर एक खासगी कंपनी सांभाळायची. रोज सकाळी हे कॉम्प्युटर क्लाउडवरच्या एका मुख्य सर्व्हरकडून आपली सेटिंग घेत, तेव्हाच वजन व्हायचं. तो सर्व्हरच कुणीतरी काढून टाकला होता.

फिर्याद द्यायला कंपनीचा टीम लीडर आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "सायेब, हे आमच्या ऑफिसातल्या पोरीचं काम हाय. तिच्याच किल्लीनं हुकूम गेला." किल्ली म्हणजे काय, तेही त्यानंच समजावलं. हा सर्व्हर उभा करणं, त्याचा बॅकअप घेणं, तो पुसणं, सगळं काळ्या स्क्रीनवर हुकूम लिहून, एपीआय नावाच्या इंटरनेटवरच्या वाटेनं पाठवून होतं. प्रत्येक हुकमासोबत पाठवणाऱ्याची गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, जावी लागते. त्या दिवशी गेलेली किल्ली मुलीचीच होती.

पण मला एक गोष्ट खटकली. ज्याचं नुकसान झालं, तो आधी नुकसान सांगतो. यानं आधी गुन्हेगार सांगितला.

मुलगी जैनथकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. महिला कॉन्स्टेबलला बसवून मी जबाब सुरू केला. ती रडली नाही, चिडली. "मी काऊन करीन सायेब असं? तो सर्व्हर मीच उभा केला. आता त्याचा सगळा चार्ज मले भेटून राह्यला होता."

"आतापर्यंत चार्ज कोणाकडे?"

"सरांकडं, आमच्या टीम लीडरकडं."

बाहेर बाकावर तिचे वडील बसले होते. मला पाहताच उठले. "सायेब, एकडाव आत टाकली त तिले कोण नोकरी देईन?" खरंच होतं ते. तेवढ्यात वरून फोन आला, आजच अटक दाखवा. मी म्हटलं, "सर, आजचा दिवस द्या. जबाबदारी माझी."

मग लीडरला सहज विचारलं, असे हुकूम तुम्हाला लिहिता येतात का? तो हसला. "छ्या! मी माऊसवाला माणूस. त्या काळ्या स्क्रीनवरचं मले एक अक्षर समजत नाही." हे वाक्य मी त्याच्या जबाबात जसंच्या तसं घेतलं आणि खाली सही घेतली.

सर्व्हर परत येईल का, असं मी मुलीला विचारलं. "येते ना सायेब, बॅकअप हाय." कंपनीच्या मालकानं जुनी किल्ली बंद करून तिला नवी दिली. मी तिला हळूच सांगितलं, "सगळ्यांदेखत कर. पण आधी एक चूक मुद्दाम कर." तिच्या ध्यानात आलं, तिनं मान हलवली.

दोन पंच, जिनिंगवाले, लीडर, सगळे ठाण्यातल्या टेबलाभोवती. तिनं काळ्या स्क्रीनवर हुकूम लिहिला, पाठवला. बॅकअप सापडत नाही, असं उत्तर आलं. तिनं तोच हुकूम पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. लीडरची चुळबुळ सुरू झाली. तिसऱ्यांदा मात्र त्याला राहवेना. "अवं, रीजन चुकलं तुयं, जागाच चुकली! बॅकअप मुंबई रीजनमधी हाय, तू दुसरीकडंच शोधून राह्यली!"

मी म्हटलं, "वा! माऊसवाल्याला बरंच वाचता येतं की."

कोर्टात एवढ्यानं भागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण कुणाचा लॅपटॉप जप्त करायचा, ते कळलं. ती कामाला लागली तेव्हा तिचा कॉम्प्युटर यानंच लावून दिला होता, आणि तिच्या किल्लीची नक्कल स्वतःकडे ठेवली होती. ती त्याच्याच लॅपटॉपमध्ये सापडली, सर्व्हर पुसायच्या हुकमासकट. मग त्यानं कबूल केलं. "मालक तिले माह्या जागेवर आणून राह्यले होते, सायेब."

मुलीनं रीजन बरोबर लिहिलं. सर्व्हर उभा राहायला वेळ लागला, पण काटे त्याच दिवशी सुरू झाले.

दमदाटीनं माणूस गप्प बसतो, नाहीतर खोटं कबूल करतो. पण ज्या कामात तो तरबेज असतो, ते कुणी डोळ्यांदेखत बिघडवलं तर भल्याभल्यांची जीभ आवरत नाही. हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी वडील तिला न्यायला उठले. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हणाले, "चाल माय, बस निघून जाईन. उद्या ड्युटीवर जा लागते ना तुले?"

ती म्हणाली, "हो बाबा, लागते." माझ्या सगळ्या नोकरीत मला त्याहून मोठं बक्षीस मिळालं नाही.