ओढणीची चुंबळ

"घाई नाही मावशी, आठवून सांगा," असं पाहणीला आलेली ताई म्हणायची आणि हातातलं पेन केसांच्या बुचड्यात खोचायची. मग मी काही सांगायला लागले की पेन शोधायची. पिशवीत, मांडीखाली, माझ्या मांडीखाली. पेन डोक्यात आहे हे आम्ही मुद्दाम सांगत नसू. उन्हात गाळ वाहणाऱ्या बायांना तेवढीच करमणूक.

तुम्हीही असल्या मुली पाहिल्या असतील. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी, पायात पांढरे बूट. ही नाशिकला गंगापूर रोडवर खोली करून राहायची. आमचं गाव देवळ्याच्या बाजूला. कांदा निघाला की शेतात काम उरत नाही, म्हणून रोजगार हमीवर तलावातला गाळ काढायचं काम निघालं होतं. त्या कामाने बायांचं काय भलं झालं, हे विचारायला तिला पाठवलेलं. भल्याला तिच्या कागदावर शब्द होता सक्षमीकरण. तो तिने नीट समजावून सांगितला. आम्ही नीट माना हलवल्या.

तिला काय ठाऊक, ती यायच्या आधीच हापशावर बैठक झाली होती. माझी शेजारीण सुमन कुठून तरी ऐकून आली होती. "बायांचं भलं झालं नाय असं दिसलं तर सरकार काम बंद करील. काय बी विचारू द्या, आपण हो म्हणायचं."

ठरलं म्हणजे ठरलं. ताई घरोघर फिरली. घरात तुमचं ऐकतात का? हो. कुणाला न विचारता माहेरी जाता का? हो. माझ्या माहेरी आता कुत्रंसुद्धा उरलेलं नाही, तरी मी हो म्हणाले. कामावर यायला घरचे अडवतात का? त्यालाही सगळ्या आळीने हो म्हटलं. सुमनचा नवरा दारातच उभा होता. सुमन म्हणाली, "माझा नवरा गाय हाय ताई, गाय!" गायीनेही मान डोलावली.

ताई खूश. जाताना माझ्या पाया पडली. मला ते काही आवडलं नाही. पाया पडणारी माणसं परत येतात.

आलीच. सरळ तलावावर आली आणि बांधावर बसली. बूट चिखलात, डोळे सुजलेले.

मी विचारलं, "काय गं, कोण मेलं?"

"कुणी नाही मावशी. साहेब म्हणतात, सगळ्या बायकांचं उत्तर एकच कसं? तू गावात गेलीच नाहीस, खोलीत बसून तूच भरलंस. परत नीट करून आणलं नाही तर मला काढून टाकणार."

सुमनचं तोंड उतरलं. "बया! आपलं काम वाचवायला गेलो आन् हिचं घालवलं."

"रडून गाळ निघत नाही," मी म्हणाले. "विचार परत."

तिने कागद काढला. पण तिथे आमचा मेट हजेरी घेत उभा, चार हातांवर पुरुष खोदत होते. बायांची तोंडं शिवल्यासारखी. आमच्याकडे कामाची रीत अशी की पुरुष खोदतात आणि पाट्या भरतात, बाया डोक्यावरून नेऊन बांधापलीकडे टाकतात. खड्डा सोडला की रांगेत एकही पुरुष नसतो. आमचं सगळं खरं बोलणं त्या वाटेवर होतं. सासवा तिथेच मरतात आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत जिवंत होतात.

मी तिला म्हटलं, "खरं ऐकायचंय ना? मग पाटी घे."

सुमनने तिची ओढणी पिळून, गोल वळून चुंबळ केली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. पहिली पाटी निम्मी तिच्या मानेतून आत गेली. पुरुष टिकाव टाकून हसले. दुसरी पाटी सुमनच्या पाठीवर सांडली. पण मुलगी हटली नाही. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. बांधापलीकडे पाटी टाकली की थांबून लिहायची. आता आम्हीच ओरडायचो, "अगं, घाई आहे! मागं रांग तुंबलीय!"

विचारायची फारशी गरज पडली नाही. एक म्हणाली, स्वतःच्या मजुरीतून बांगड्या भरल्या आणि घरी सांगितलं माहेरून आल्या. दुसरी म्हणाली, "कामावर यायला लागल्यापासून सासू चहा करून ठेवते. पिण्यासारखा नसतो, पण ठेवते." मला विचारलं, घरात निर्णय कोण घेतं? मी म्हणाले, "नवरा गेल्यापासून मी. तो होता तेव्हाही मीच घ्यायची, पण गावाला तो सांगायचा." सुमनने शेवटी तोंड उघडलं. "मजुरी माझ्या खात्यात, कार्ड गायीच्या खिशात."

"मग मावशी, सक्षमीकरण झालं म्हणायचं का?"

"गायीच्या खिशातून कार्ड निघेल तेव्हा विचार."

नंतर साहेब स्वतः गाडीने तपासायला आले. ताई बाजूला हात बांधून उभी. त्यांनी सगळं काम थांबवलं, पुरुषांनाही जवळ बोलावलं. कागदावर कुणाचं नाव नव्हतं. ते वाचू लागले, "कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. हे खरंच कुणी सांगितलं? की हेही हिनेच लिहिलं?"

सुमनचा नवरा टिकाव टेकून समोर उभा होता. ताईने मान खाली घातली. मी सुमनकडे पाहिलं. माझं कार्ड माझ्याच पोलक्यात, मी काय बोलणार?

सुमनने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "म्या सांगितलं."

"कुठे?"

"ह्या वाटंवर. ती आमच्याबरोबर पाट्या टाकायची." मग नवऱ्याकडे बोट केलं. "आन् कार्ड आत्ता बी त्याच खिशात हाय. बघा पाहिजे तर."

नवऱ्याचा हात आपोआप खिशावर गेला. साहेबांना आणखी काय पुरावा हवा?

आधी मेट हसला, मग सगळेच. साहेब ताईला म्हणाले, "मी तुला विचारायला पाठवलं होतं, गाळ काढायला नाही."

"विचारतच होते सर," ती म्हणाली.

तिची नोकरी राहिली. सुमनच्या घरी मात्र भांडण लागलं, ते अजून मिटलेलं नाही. पण कार्ड आता सुमनच्या पोलक्यात असतं आणि भांडणात आवाज तिचा मोठा असतो. ताईला हे कळवायचं राहिलं. तिला कुठे लांबच्या जिल्ह्यात पाठवलं म्हणे. जाताना म्हणाली, "ओढणी ठेवा मावशी, मी येईन." आली नाही. आता दुसरे लोक येतात, मोबाईलवर टिचक्या मारतात, पाणी पितात, जातात.

चुंबळ मी वापरते. कापड चांगलं आहे, टाकून कशाला द्यायचं? परवा धुवायला म्हणून सोडली तर घडीतून पेन निघालं.

शोधत बसली असेल बया.