शीर दाबायचं काम

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. चौथीनंतर हातात पेन फारसं आलं नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते.

तळोद्याला भटक्या कुत्र्यांची नसबंदी सुरू झाली तेव्हा ठेकेदाराने मला रोजावर ठेवलं. जाळीने कुत्री धरायला दोन गडी होते. माझं काम टेबलाशी. आधी डॉक्टर कुत्रीच्या मांडीत सुई देत. कुत्री पेंगली की मी पुढच्या पायाचे केस काढायची आणि कोपराशी अंगठ्याने शीर दाबून धरायची. शीर सुतळीसारखी वर यायची. डॉक्टर सुई घालायचे, नळीत रक्ताचा धागा दिसला की म्हणायचे, "मावशी, सोडा." मी अंगठा उचलायची. औषध हळूहळू शिरेत जायचं आणि तिचं डोकं माझ्या हातावर जड व्हायचं. डोळे मात्र उघडेच राहायचे. मला ते काम आवडायचं. बोलावं लागत नसे.

नियम एकच, आदल्या संध्याकाळपासून पोट रिकामं. भुलीत उलटी झाली तर ती श्वासात अडकून जीव जातो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवशी पिंजऱ्यात नऊ होत्या, ठेकेदाराला दहा हव्या होत्या. तो म्हणाला, "तुन्हा गल्लीमा ती भुरी कुत्री शे ना? तुन्हा मांगे येस ती. तिले आठे लई ये."

ती माझ्या ओट्यावर झोपायची. जाळी दिसली की पळायची, पण माझ्या हातात भाकर असली की मागे यायची. अर्धी भाकर मोडत मोडत मी तिला टेबलापर्यंत आणलं. शेवटचा तुकडा तिथेच दिला.

ठेकेदाराने ते पाहिलं. "डॉक्टर इचारी ते उपाशी शे सांगजो," म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलंच. "ही उपाशी आहे ना?"

ठेकेदार दारात उभा होता. मी हो अशी मान हलवली.

पहिली सुई चढता चढता तिने माझं मनगट चाटलं. मी शीर दाबली, सोडली. पोट उघडल्यावर नाकातोंडातून भाकर आली. डॉक्टरांनी तिचं डोकं खाली केलं, मी जीभ बाहेर ओढली. ती बोटांत निळी पडत गेली. छाती दाबून पाहिली. काही झालं नाही.

"मावशी, तुम्ही हो म्हणालात ना?"

"साहेब, चौथी शिकेल बाई, तिले काय समजस!" ठेकेदार म्हणाला.

"भाकर ते पचू देवानी व्हती, मावशी!" एक गडी म्हणाला आणि दोघे हसले.

तेव्हा तोंड उघडलं असतं तर कुणी काय सांगितलं ते डॉक्टरांना कळलं असतं. मी फडक्याने टेबल पुसलं.

मेलेल्या कुत्रीचं बिल निघत नाही. ठेकेदाराने सातशे रुपये माझ्या नावावर लिहिले, रोजचे पन्नास कापायचे. "तूच मारी, तूच गाड," म्हणून फावडं दिलं. खड्डा बुजवून आले तोवर गड्यांनी दुसरी आणली होती. मी हात धुऊन तिचा पाय धरला.

त्यानंतर डॉक्टर मला विचारत नसत. ठेकेदाराला विचारत. तो "हो साहेब" म्हणायचा.

चौदाव्या दिवशी शेवटचे पन्नास कापले. त्याने त्याच्या हिशेबाच्या वहीत माझा अंगठा मागितला. मी सही केली. सातशेच्या सातशे फिटले.