परीक्षकांच्या मागची पोटरी
“डावं की उजवं?” परीक्षक एवढ्या जोरात ओरडले की टेबलावरच्या कवटीचा उघडा जबडा मिटला. काल डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीच्या ॲप्रनला मुडदे टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास आला आणि नागपुरातली ती ॲनाटॉमीची तोंडी परीक्षा थेट नाकात शिरली. माझ्या हातात फिब्युला होतं, म्हणजे पोटरीतलं ते सडपातळ हाड, ज्याची बाजू सांगताना खुद्द ब्रह्मदेवही गडबडला असता. दोनदा नापास झालो होतो; आता उडालो की वडील हुडकेश्वरच्या शेतावर संत्री राखायला बसवणार, हे पक्कं होतं. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं आणि आत माझ्या घामावर अख्खी संत्र्याची बाग भिजली असती. तेवढ्यात परीक्षकांच्या मागे उभा असलेला, मुडदे सांभाळणारा म्हातारा शिपाई वाकला आणि शांतपणे एक पोटरी खाजवू लागला. मला समोरून ती उजवीकडे दिसत होती. पण ज्याचं शरीर त्याचीच बाजू धरायची, हा पहिल्या दिवसाचा धडा नेमका आठवला. “डावं, सर,” मी म्हणालो आणि पास झालो. पुढे आयुष्यभर लोकांचे मोडलेले पाय बांधले, आणि आजही प्लॅस्टर दिसलं की त्या पोटरीला मनातल्या मनात हात जोडतो. तेव्हा तर मी बाहेर त्या शिपायाला गाठून त्याचे पायच धरले. म्हटलं, “मामा, तुमच्या खुणेनं वाचलो.” पाय सोडवून घेत तो म्हणाला, “कायची खूण गा? मच्छर चावला होता मले.”