मास्तरांचा उजवा पाय

मोटार शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा आणि समोरच्या म्हातारीचं, कुत्र्याचं किंवा विजेच्या खांबाचं आयुष्य वाढवायचं. मास्तरांनी हा ब्रेक उभी हयात दाबला होता, आणि त्याचा परिणाम असा झाला होता की त्यांचा उजवा पाय आता त्यांच्या ताब्यात उरला नव्हता. न्हाव्याची कात्री कानाजवळ आली की पाय खाली. बायको गरम पातेलं घेऊन वळली की पाय खाली. शेजारच्या बाईंच्या घरी भांडण रंगात आलं की भिंतीच्या अलीकडे मास्तर खुर्चीत बसून ब्रेक मारत. मुख्य रस्त्याकडच्या गल्लीत त्यांना सगळे ‘ब्रेकमास्तर’ म्हणत, आणि त्यांना वाटे तो आदर आहे.

मास्तरांना एकच मुलगी. तिचं घरातलं नाव ‘चौकशी’. आई चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे बालवर्गापासून ही पोर शाळा सुटल्यावर मास्तरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गावभर फिरली. मागे बसून ती प्रश्न विचारी. चाकं चारच का? आरशातली माणसं उलटी का? हे काका घाबरले की गाणं का म्हणतात? शिकणाऱ्याचं लक्ष उडू लागलं तेव्हा मास्तरांनी नियम केला: “माझा पाय ब्रेकवर गेला की मागून एक अक्षर नको.” पोरीनं तो नियम असा पाळला की वाक्य अर्धं असलं तरी तिथंच थांबे, आणि मास्तरांचा गुडघा वर आला की पुढच्या शब्दापासून सुरू करी.

तर ही चौकशी तिसरीत गेली आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. रविवारी दुखत नसे.

“शाळेत काय झालं?” आईनं एकदा वेणी घालता घालता विचारलं.

“काही नाही. मी काम करते.”

“कसलं काम?”

“माझी गणितं लगेच होतात ना, मग बाई मला सगळ्यांच्या पेन्सिलींना टोक काढायला देतात. ते झालं की फळा पुसायचा. मग खिडकीतल्या कुंडीला पाणी.” आणि मास्तरांकडे वळून अगदी गंभीरपणे, “बाबा, मी शाळेत नोकरीला लागलेय का?”

मास्तरांचा पाय खाली गेला. पोर गप्प झाली. आई मात्र झाली नाही.

“ऐकलंत? चौथीची पुस्तकं तिनं वाचून झोपाळ्याखाली टाकलीत, आणि तिकडे ती पेन्सिली तासतेय. उद्या शाळेत जा आणि सांगा, हिला चौथीत बसवा म्हणून.”

“अगं, पण मधेच? वर्ष अर्धं झालंय. मोठ्या मुलांत टिकेल का ती? हळूहळू जाऊ दे. घाईत…”

“अहो, ती घाई नाही करत, तुम्ही तिला उभी केलीय! उभ्या गाडीलाही ब्रेक मारणारा जगात दुसरा नसेल.”

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून मुलीसह मुख्याध्यापिकांच्या खोलीत हजर झाले. बाई धिप्पाड, चष्मा साखळीला टांगलेला, टेबलावर काचेचा पेपरवेट आणि घंटा. टेबलासमोर दोन खुर्च्या, आणि मास्तरांच्या खुर्चीखाली एक सैल फरशी.

मास्तरांनी घरून भाषण पाठ करून आणलं होतं. ते “मुलगी हुशार आहे” या वाक्यानं सुरू होऊन तिथंच संपलं.

“सगळ्यांचीच असते,” बाई म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात एक गृहस्थ बालवाडीतल्या मुलाला सातवीत बसवा म्हणाले. त्याला सगळ्या देशांच्या राजधान्या येत होत्या. शर्टाची बटणं येत नव्हती.”

“हिला बटणं येतात,” मास्तर घाईनं म्हणाले.

बाई हसल्या. बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी चौथीचं पुस्तक काढलं आणि चौकशीला जवळ बोलावलं. “हं, हे गणित. टाकी, वरून एक नळ भरतोय, खालून एक गळतोय. किती वेळात भरेल?”

चौकशीनं छताकडे बघून उत्तर सांगितलं. बरोबर होतं. बाईंची भुवई वर गेली. तेवढ्यात पोर म्हणाली, “पण बाई, खालचा नळ बंद का नाही करत? ज्यांनी हे गणित घातलं ते…”

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. आता ही बोलणार, नको ते बोलणार. पाय खाली गेला. फरशी म्हणाली, खट्ट.

पोर गप्प झाली.

“बोल ना,” बाई म्हणाल्या. पोर मास्तरांच्या गुडघ्याकडे बघत राहिली. गुडघा काही वर येईना.

“बरं. हा धडा बघ. ऊन आणि सावली. समजावून सांग मला.”

“बाई, हे चित्र…” खट्ट.

“काय चित्र?”

बाईंनी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. पोर सुरुवात झोकात करी, आणि खट्ट झालं की ओठ मिटून उभी राही. शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं आणि समजूत घालणाऱ्या सुरात म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे हो. पण अर्ध्यावर अडखळते. आत्मविश्वास नाही. मोठ्या मुलांत कोमेजून जाईल. तिसरीतच राहू दे. सावकाश होऊ द्या.”

‘सावकाश होऊ द्या’ हे वाक्य मास्तर रोज प्रत्येक शिकाऊ माणसाला ऐकवत. ते इतकं वाईट लागतं हे त्यांना आज कळलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर चौकशीनं त्यांचा शर्ट ओढला. “बाबा, मला सगळं येत होतं. तुम्ही सारखा ब्रेक का मारत होता?”

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जसं एखादा घरातल्या चोराकडे पाहील. मग मुलीचा हात धरून ते तसेच आत घुसले.

“बाई, परीक्षा परत घ्या. आधीची धरू नका. तिच्यात खोट नाही, माझा ब्रेक लागलेला होता.”

बाईंचा हात हळूच घंटेकडे गेला. घंटा ऐकून शिपाई आला; मिशा पिकलेला, शांत माणूस. त्यानं आधी मास्तरांना ओळखलं, मग हात जोडले.

“यांना बाहेर…” बाई म्हणाल्या.

“बाई, मास्तर मोटार शिकवतात. मी यांच्याकडेच शिकलो. त्यांचा पाय त्यांचं ऐकत नाही. परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी ते फुटपाथवर उभे होते आणि मी गाडीत, तरी प्रत्येक वळणावर त्यांचा पाय खाली जात होता. परीक्षा घेणारे साहेब गाडी सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले, म्हणून तर मी पास झालो.”

मास्तरांनी मागच्या सीटचा नियम सांगितला. पोरीनं मान हलवून साक्ष दिली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे ती तुमचा पाय बघून गप्प होते?”

“बघून आणि ऐकून,” चौकशी म्हणाली. “ती फरशी सैल आहे. तिच्याखालची वाळू सरकलीय.”

“बसा,” बाई मास्तरांना म्हणाल्या. “पण पाय वर.”

मास्तरांनी बूट काढले आणि खुर्चीवर मांडी घातली. उजव्या मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. नव्यानं परीक्षा सुरू झाली.

“ज्यांनी हे गणित घातलं ते पाण्याचं बिल भरत नसतील,” चौकशी जिथं थांबली होती तिथून सुरू झाली. मास्तरांचा अंगठा मोज्याबाहेर वळवळला. “आणि हे चित्र चुकलंय. सूर्य झाडाच्या मागे आहे, आणि सावलीही मागेच पडलीय. ती पुढे पडायला हवी. तुम्ही हे पुस्तक किती वर्षं शिकवता, बाई?”

मास्तरांनी डोळे मिटले. अंगठा हवेत असा दाबला की मांडीत पेटका आला. पण हवेतला ब्रेक लागत नाही, आणि पोर सुटली ती सुटलीच. सावलीवरून चंद्रावर गेली, चंद्रावरून गाडीच्या आरशावर, आणि बाईंनाच विचारू लागली की आरशात डावं-उजवं बदलतं तर वर-खाली का बदलत नाही.

“ते मलाही माहीत नाही,” बाई म्हणाल्या. मग बराच वेळ चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि पोट धरून हसल्या. शिपाई दारात उभा राहून अशा ऐटीत हसत होता, जणू मुलगी त्यानंच घडवली.

“सोमवारपासून चौथीत,” बाई म्हणाल्या. “वार्षिक परीक्षेपर्यंत बघू. नाही जमलं तर परत तिसरीत, आणि तेव्हा कुणी रडायचं नाही. चौथीच्या बाईंना सांगते, पेन्सिली ज्याच्या त्यानं तासायच्या. आणि मास्तर, तुम्ही फाटकाच्या आत यायचं नाही.”

मास्तर उठायला गेले आणि पेटक्यामुळे पुन्हा बसले.

सोमवारी सकाळी कुणाच्या पोटात दुखलं नाही. मास्तरांच्या गाडीत त्या वेळी एक पाववाले शिकायला होते; अंगानं भरलेले, स्वभावानं घाबरट. चौकशी मागच्या सीटवरून उतरली. पाववाल्यांनी फाटकासमोर गाडी सुरूच ठेवली. मैदानात चौथीची रांग उभी होती, सगळी मुलं तिच्याहून हातभर उंच. ती धावत निघाली, दप्तर पाठीवर आदळत. वाटेत एक दगड होता. मास्तरांचा उजवा पाय सवयीनं उचलला गेला. त्यांनी डावा पाय त्याच्यावर ठेवला आणि आपलं सगळं वजन टाकून तो दाबून धरला.

पोर दगडावरून उडी मारून गेली. रांगेत शिरली. आपल्या पुढच्या मुलाला काहीतरी विचारू लागली.

“मास्तर,” पाववाले कापऱ्या आवाजात म्हणाले, “मास्तर, गाडी चाललीय. ब्रेक. मास्तर, ब्रेक!”

मास्तर खिडकीतून बघतच राहिले. गाडी अगदी सावकाश पुढे सरकली आणि शाळेच्या कचऱ्याच्या डब्याला टेकून बंद पडली. डबा आडवा झाला. चौथीची सगळी रांग मागे वळून हसली. चौकशीही हसली, आणि सगळ्यांच्या आधी पुन्हा तोंड पुढे करून उभी राहिली.

“असू द्या हो,” मास्तर पाववाल्यांना म्हणाले, अजून एक पाय दुसऱ्यावर घट्ट रोवून. “डबाच तर आहे.”