मावशींच्या फोनमधला बोकड

फोन वाजला की मावशी आधी बोट वर करायच्या. म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. मग मान तिरकी करून ऐकायच्या आणि जाहीर करायच्या, "लेक हाये." त्यानंतरच बटण दाबायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण छत्तीसगडातल्या आमच्या चरोद्याच्या या शेजारणीचा तो नखरा नव्हता, गरज होती. मावशींना वाचता येत नव्हतं.

फोन बटणांचा, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. रेल्वेच्या यार्डात नोकरी केलेल्या नवऱ्यानं तो घेऊन दिला होता. ते गेल्यावर मावशींनी हट्टच धरला, प्रत्येक माणसाला त्याचा त्याचा आवाज पाहिजे. "कोन वाजून राहिलं, ते मले आंधी समजलं पायजे." मी त्यांना भिलाईच्या पावर हाऊस बाजारात घेऊन गेले. दुकानदारानं फोन मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला. "अम्मा, इसमें कुछ नहीं होगा. नया ले लो."

"कावून नाई होत?" मावशींनी काउंटरवर हात आपटला. "गाना वाजते ना यात? मंग मी भरलेला आवाज कावून नाई वाजत?"

झालं की सगळं! मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायचं, एवढीच तर गोष्ट. पण नवा फोन खपवायचा असला की जुन्यात काहीच होत नसतं. अजून माझं डोकं तापतं. शेवटी त्यानं मावशींच्या नवऱ्याचा फोटोसुद्धा फोनमध्ये घालून दिला, पण चिमुकल्या पडद्यावर तो मावेना. नाकापासून हनुवटीपर्यंतच आला. मी पुन्हा करायला लावणार होते, तर मावशी म्हणाल्या, "राहू दे. मिशी आली ना? तेवढ्यावरून वळखू येते."

आवाज मात्र त्यांनी स्वतः गोळा केले. लेकीसाठी नातीचं हसणं. पुण्याच्या मुलासाठी दार आपटल्याचा आवाज, कारण तो लहानपणापासून तसाच घराबाहेर पडायचा. माझ्यासाठी कुकरची शिट्टी. "तुही डाळ रोजच लागते वो," हे कारण त्यांनी चारचौघींत सांगितलं. आणि भंडाऱ्याकडच्या खेड्यात राहणाऱ्या धाकट्या भावासाठी बोकड. भाऊ फोनवर बोलायला लागला की मागे त्याचा बोकड ओरडायचाच. एकदा दुर्गच्या बसमध्ये हा बोकड ओरडला, तर लोक सीटखाली वाकून बघायला लागले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ हाये."

मग दसऱ्याच्या सुट्टीत मुलगा मोठा टच फोन घेऊन आला. जुना कार्डासकट एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा झाला. आईला विचारलं? नाही. मिशी गेली, नात गेली, बोकड गेला. मी म्हटलं, "अरे, त्यांना कळणार कसं कोणाचा फोन आहे ते?"

"ताई, स्क्रीन पे नाम आता है ना!"

आईला वाचता येत नाही, हे त्या घरात वाढलेल्या पोराला आठवलं नाही! वर तंबी, "आई, अनजान नंबर उचलू नको, बँकेचं खातं खाली होऊन जाईल." आता मावशींना सगळेच अनजान. सगळ्यांची एकच टुणटुण. त्या सवयीनं बोट वर करायच्या, ऐकायच्या, आणि बोट तसंच खाली यायचं. दुकानात चला म्हटलं तर रुसून बसल्या. "माहे आवाजच गेले, आता काय लावतं?"

एका दुपारी त्यांचा फोन वाजत राहिला. थांबला, परत वाजला. मुलाची आज्ञा पाळत मावशी तो मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या. संध्याकाळी लेकीनं मला फोन करून सांगितलं, मामा गेला. दवाखान्यात नेत असताना बहिणीशी बोलायचं म्हणून तो सारखा फोन लावत होता.

मावशी रडल्या नाहीत. फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "याच्यात त्याचं नाव आलं होतं का वो?"

आलं होतं. चांगलं ठळक अक्षरात. त्या रात्री मी मुलाला फोनवर नको नको ते बोलले आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही.

गावाहून परतल्या त्या नव्या फोनमध्ये बोकड घेऊनच. भावाच्या अंगणातला, तोच. भाच्याकडून आवाज भरून घेतलेला. म्हणाल्या, "भावाच्या नंबराले लाव."

"मावशी, त्या नंबरवरून आता कोण फोन करणार?"

"नको करू दे. पन हा आवाज दुसऱ्या कोनाले देऊ नको."

मी लावून दिला.

आता मावशीही नाहीत. मला आठवते ती एक सकाळ. ओट्यावर आम्ही दोघी मेथी निवडत होतो आणि अचानक बोकड ओरडला. भावजयीनं नवऱ्याच्या फोनवरून लावला असणार. माझ्या हातातली जुडी खाली पडली. मावशींनी बोट वर केलं, मान तिरकी केली.

"मावशी, उचला ना, बंद होईल!"

"थांब वो," त्या म्हणाल्या. "भावजयीले मंग लावू. आंधी त्याचं पुरं होऊ दे."