लव्हाळ्याचा हाडवैरी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका तणाचा द्वेष नांदेड-लातूरच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि केला असलाच तर इतक्या मायेनं नक्कीच नाही. लोक पाहुण्यांकडे गेले की चपला काढतात, पाणी पितात, तब्येत विचारतात. हे आमचे काका फाटकातच उकिडवे बसतात. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तसं त्यांच्या खिशात आखूड दांड्याचं खुरपं असतं. घरचे लोक "या, या" म्हणत बाहेर येईपर्यंत कुंडीशेजारचं गाजरगवत मुळासकट आडवं झालेलं असतं, आणि मग काका हात झटकत "जय भीम" घालतात. लातूरच्या एका लग्नात, हिरवळीवरच्या मोकळ्या कार्यालयात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत असताना काका स्टेजच्या पायथ्याशी एकदम खाली गेले. नवरीच्या बापाला वाटलं, चक्कर आली. दोघं-तिघं पाण्याचा तांब्या घेऊन धावले. काकांनी मान वर करून सांगितलं, "लव्हाळा हाय. तुमचं चालू द्या."

लव्हाळा हा त्यांचा खास वैरी. वर नाजूक पातं आणि जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या गाठी. त्यातली एक राहिली तरी पुन्हा कोंब. त्यामुळे वरवर गवत उपटणाऱ्यांविषयी काकांचं मत वाईट होतं. "वरून तोडलं म्हणजे निंदलं न्हाई. हजामत केली." तणनाशकाच्या फवाऱ्याचं नाव कुणी काढलं तर ते म्हणत, "फवारणारा माणूस तोंड फिरवून फवारतो. ज्या कामाकडं आपल्यालाच बघवत न्हाई, ते करावं कशाला?" मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. मुळावर घाव घालण्याची भाषा मी पुष्कळ ऐकली होती आणि लिहिलीही होती. पण ती गाठ प्रत्यक्ष तळहातावर ठेवून दाखवणारा माणूस मला हा एकच भेटला.

मला अहमदपूरचं एक स्थळ सांगून आलं, तेव्हा घर बघायला काकांना पाठवलं होतं. ते परतले तशी मावशीनं विचारलं, "पोरगा कसा हाय?"

"पोरगा नीट बघितला न्हाई."

"मग दिवसभर बघितलं काय तुम्ही?"

"अंगण. गाजरगवत फुलात आलेलं, आन् त्याच्याच बाजूला खुर्च्या टाकून बसून राहिले सगळे. रोज दारातलं ज्यांना दिसत न्हाई, त्यांच्या घरात आपली पोरगी द्यायची?"

मुलगी दाखवण्याच्या रूढीविरुद्ध मी एक जळजळीत भाषण तयार ठेवलं होतं. स्थळच बारगळलं, आणि ते तसंच राहिलं.

विष्णुपुरीच्या धरणावरची नोकरी संपल्यावर काकांनी आमच्या वस्तीतल्या विहारापुढची मोकळी जागा कमिटीकडून मागून घेतली आणि तिथं हिरवळ केली. माझा हिरवळीला तत्त्वतः विरोध. पाण्याची मारामार असलेल्या मुलखात, ज्याला ना दाणा ना फळ असं गवत पोसायचं, ही साहेबाची चैन आपण कशाला उचलायची, असं मी त्यांना तावातावानं सुनावलं. काका निंदता निंदताच म्हणाले, "माझी माय सरकारी बंगल्याच्या लॉनवर निंदायला जायची. साहेब बसायचा, माय निंदायची. आता आपणच निंदून राहिलो आन् आपणच बसून राहिलो. मग?" त्या "मग?"वर मी बराच विचार केला आहे.

वर्षावासात पावसाळाभर रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. आत उकडतं म्हणून पाऊस नसला की वाचन बाहेर हिरवळीवर व्हायचं. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पाय पसरून बसायच्या, आणि मागच्या रांगेत बसलेले काका एका कानानं वाचन ऐकत बोटांनी लव्हाळा चाचपायचे. पण यंदा वर्षावासाच्या तोंडावर त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसणं कायमचं बंद केलं. पावसानं तण उफाळलं आणि विहाराच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, "येत्या पौर्णिमेपर्यंत हे रान साफ झालं तर ठीक. न्हाई तर गट्टू बसवून टाकू, कायमची कटकट मिटंल." सिमेंटच्या ठोकळ्यांची ही फरशी आता जिथं तिथं दिसते. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात त्यांनी आपलं खुरपं कुणाच्या हाती दिलं नव्हतं. आता मावशीनंच सांगून टाकलं, "तुम्ही पडून राहा. आम्ही बाया येतो सकाळी."

वस्तीतल्या या बाया म्हणजे उभा जन्म काळ्या रानात दुसऱ्यांची पिकं निंदलेल्या. शेवंताबाई त्यांच्यात वडील. पहाटेच त्या आपापली खुरपी घेऊन आल्या, पदर खोचले आणि ओळ धरून बसल्या. काकांना घेऊन मी पोचले तोवर काम आटोपत आलं होतं. आणि हिरवळ नव्हती.

कारण काकांची हिरवळ होती हरळीची. बंगल्यावरची असो की विहाराची, हिरवळ आमच्याकडे हरळीचीच असते. आणि शेतात हरळीसारखं चिवट, पीक खाणारं तण दुसरं नाही. या बायांची बोटं हरळी दिसली की डोक्याला न विचारता चालतात. त्यांनी ती शेवटच्या मुळीपर्यंत खणून काढून बांधावर टाकावी तशी कंपाउंडपलीकडे फेकली होती. लव्हाळाही गेला होता. राखली होती फक्त पाथरी आणि तांदुळजा, कारण ती भाजी.

"बगा दाजी," शेवंताबाई घाम पुसत म्हणाल्या, "एक काडी ठिवली न्हाई."

काका काठी टेकून उभे होते. काठीचं टोक त्यांनी त्या काळ्याभोर, भुसभुशीत मातीत खुपसून बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "शेवंताबाई, असं निंदलेलं मी जन्मात बघितलं न्हाई." आणि मग हळूच, "फकस्त ते लॉन होतं, माय."

मावशीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, ते मला कळलं नाही. तेवढ्यात अध्यक्ष आले आणि म्हणाले, "वा! आता गट्टूवाल्याला बोलावतो."

"बोलवा की," शेवंताबाई उसळून म्हणाल्या. "पौर्णिमेला टाइम हाय ना? तवर हितं ठोकळा टाकायचा आसंल तर आदी आमच्या अंगावर टाका."

फेकलेली हरळी गुरांनी तोवर फस्त केली होती. मग त्या दुपारी मी जे पाहिलं ते कुठल्याही पत्रकात बसणारं नाही. सात-आठ बाया शेजारच्या शेतात जाऊन शेतकऱ्याकडे हरळी मागत होत्या. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. "सगळी न्या," तो म्हणाला, "आन् पुन्हा आलात तर चहा पाजतो." संध्याकाळी पाऊस भुरभुरत असताना त्यांनी ती लावली, आणि त्यांना येत होती तशीच लावली: कांद्याच्या रोपासारखी, सरळ ओळींत, बोटबोट अंतर सोडून. "काय नशीब म्हणावं," शेवंताबाई मुळ्या दाबता दाबता म्हणाल्या, "जिनं जिनगी खाल्ली, तिलाच जगवून राहिलो."

पौर्णिमेला ओळी जेमतेम एकमेकींना भेटल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "हे काय, कांदा लावला का?" पण बाया त्या ओळींवर सतरंजी टाकून आधीच बसल्या होत्या, आणि बसलेल्या बायांखाली गट्टू टाकणं त्यांना जमलं नाही.

आता हिरवळ बायांची आहे. कुठलं काढायचं आणि कुठलं राखायचं, हे त्यांच्या बोटांना नव्यानं कळलं आहे, आणि त्या काकांना कशालाही हात लावू देत नाहीत. वाचनाच्या वेळी त्यांना कडेला प्लास्टिकची खुर्ची असते. ते नीट बसतात, नीट ऐकतात. जवळ बसलं तरच दिसतं, की मांडीवर ठेवलेली त्यांची बोटं धोतराच्या सुतात हलके हलके काहीतरी चाचपत असतात, आणि मग, काही न सापडून, थांबतात.