स्पंजाचं निंदण

"मुळासकट गेलं पायजे, बाई," असं म्हणत आमचे गणिताचे सर अंगठा आणि बोट जुळवून हवेतलंच काहीतरी उपटत. वहीतली चूक असो, कुणाच्या कॉलरवरचा सुटलेला दोरा असो की मैदानातलं गाजरगवत, सरांची चिमूट तिथे पोचलीच म्हणून समजा. चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याचं पोर, शेतातलं तण उपटत, निंदण करतच मोठं झालेलं. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि अकोल्यात त्यांच्या शेजारी राहायचे, म्हणून ही चिमूट मला दोन्हीकडे भेटे.

ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हातपाय गेले. सरांनी तिच्या पलंगासमोर खाऱ्या पाण्याचा टँक मांडला, चार रंगीत मासे आणले आणि एक मऊ, हिरवट प्रवाळ. म्हणजे पोवळ्याच्याच भाऊबंदातलं, पण जिवंत. गल्लीतल्या भटजींनी तर मला हळूच विचारलं, "मंगळ कोणाचा बिघडला जी?" सगळा जन्म कूलरवर काढलेल्या या माणसाने अकोल्याच्या उन्हात एसी घेतला, तोही टँकचं पाणी तापू नये म्हणून.

एक दिवस सर धावतच माझ्या दारात आले. "बाई, तिनं पाह्यलं." मी गेले. सरांनी टँकमध्ये माशांचं खाणं सोडलं. कण खाली जाऊ लागले तसे तिचे डोळे त्यांच्यामागे खाली सरकले. इतक्या महिन्यांत तिच्यात हललेलं तेवढंच. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. त्या दिवसापासून दिवसातून एकदा टाकायचं खाणं पाच-सहा वेळा पडू लागलं.

मग प्रवाळाच्या बुडाशी पिवळट साय धरल्यासारखं काही दिसलं. तो स्पंज होता. भांडी घासायचा नव्हे, पाण्यात जगणारा, वाढणारा. सरांनी चिमटा आणि जुना टूथब्रश घेतला आणि रोज सकाळी निंदण सुरू केलं. मी टॉर्च धरायचे. तण कमी होतंय म्हणून आम्ही दोघे म्हातारे खूश. महिनाभरात स्पंज दगडांवर, काचेवर, सगळीकडे दिसू लागला आणि प्रवाळ मिटून बसलं.

ज्याच्याकडून सामान आणलं होतं त्या अमरावतीच्या दुकानदाराला मी फोन लावून दिला.

"सर, तुमी तोडून राहिले म्हणून तो वाढून राहिला," तो म्हणाला. "त्याले मूळच नसते. तुकडा जिथं पडला तिथं नवा होते. आन् खाणं किती टाकता? उरलेल्या खाण्यावरच पोसते तो. दोन दिवसांतून एकदा टाका, तवाच वाचीन तुमचं प्रवाळ."

सरांनी फोन ठेवला आणि खाण्याचा डबा हातात घेऊन बसले.

"सर, त्यानं सांगितलं ना?" मी म्हणाले.

"खाणं बंद केलं तर ती काय पाहीन, बाई?"

"अहो, पण सगळंच मरेल."

"मरू द्या."

मी चिडले. चार दिवस बोलले नाही. आता वाटतं, माझ्या चिडण्याला काय अर्थ होता? हिशेब चुकत होता, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. प्रवाळ स्पंजाखाली नाहीसं झालं. पाणी गढुळलं, मासे एकेक करून गेले. पोरीकडे पुण्याला कायमची निघण्याआधी मी भेटायला गेले, तेव्हा टँकमध्ये एकही मासा नव्हता.

सरांनी तरी चिमूटभर खाणं सोडलं. कण सावकाश तळाला गेले. त्यांच्या बायकोचे डोळे वरच होते, जिथे होते तिथेच.

टँककडे तोंड करूनच सरांनी विचारलं, "पाहून राहिली ना ती?"

"हो सर," मी म्हणाले.

त्यांनी डबा पुन्हा उघडला.